साहेबांची टिकली

अभिनंदनाचा निरोप आला तेव्हा भूपाल मगदूम फाउंड्रीतल्या शेकआउट विभागाच्या पायरीवर बसून खोकत होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, मान खाली, आणि दोन ढासांच्या मध्ये श्वास घ्यायलाही सवड नाही. त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. तो काढण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं, म्हणून त्याच्या बायकोनं, शालननं, तो काढला आणि वाचला.

"नमस्कार, भूपालजी! आपल्या फुप्फुसांचा आकडा ७१ वरून ९ वर आला आहे. आपण प्रतिबंधात्मक सल्ला मनापासून पाळलात. 'आधीच' परिवाराला आपला अभिमान आहे." खाली टाळ्या वाजवणारे दोन हात.

शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ म्हणे! समोर नवरा बसला होता, त्याचे ओठ निळसर पडले होते, आणि कुठल्या तरी गार खोलीतलं एक यंत्र त्याला टाळ्या वाजवत होतं.

"काय म्हणतंय?" भूपालनं विचारलं.

"बरं झालाय म्हणतंय तुमी."

तो हसायला गेला आणि पुन्हा खोकला.

भूपाल मगदूम बावीस वर्षं शिरोलीच्या त्या फाउंड्रीत शेकआउटवर होता. वाळूच्या साच्यात ओतलेलं लोखंड थंड झालं, की साचा एका थरथरणाऱ्या जाळीवर ढकलतात. वाळू फुटून खाली पडते, कास्टिंग वर राहतं आणि धूळ सगळीकडे जाते. शालन पलीकडच्या कोअर शॉपमध्ये, कास्टिंगला पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात ते वाळूचे गाभे तयार करायची. धुळीवर उपाय म्हणून कंपनी दर पाळीला प्रत्येकाच्या हातावर गुळाचा एक खडा ठेवत असे. गुळानं छाती साफ होते, असं शालनच्या वडिलांच्या काळापासून सांगत आले होते. वडील याच फाउंड्रीत होते. त्यांनीही आयुष्यभर गूळ खाल्ला. एक्स-रेत डाग दिसला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला. पुढं दीड वर्षात ते गेले.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी, २०३५ साली, कँटीनमध्ये पडदा लावून साळोखेसाहेबांनी विम्याच्या दोन योजना दाखवल्या, तेव्हा शालन पुढच्या बाकावर बसली होती. अभिजित साळोखे म्हणजे मनुष्यबळ विभागाचे प्रमुख. गोड बोलणारा माणूस, कामगारांची नावं लक्षात ठेवणारा. शालन कामगार समितीवर निवडून आलेली होती आणि तिच्या शब्दाला कोअर शॉपपासून भट्टीपर्यंत मान होता. साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं.

पहिली योजना 'कवच'. आजारी पडा, दवाखान्यात जा, विमा बिल भरेल. दुसरी 'आधीच'. आजार व्हायच्या आधीच तो ओळखायचा आणि रोखायचा.

ओळखायचा कसा, ते साहेबांनी नीट समजावलं होतं. वाळूची सगळ्यात बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही. ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथं शरीराच्या राखणदार पेशी असतात, त्या तिला गिळतात. जंतू असता तर त्यांनी पचवला असता, पण वाळू कशी पचणार? पेशी फुटते, वाळू पुन्हा मोकळी होते आणि दुसरी पेशी तिला गिळते. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं, आणि दर वेळी फुप्फुसाचा एक कण जखमेच्या वणासारखा घट्ट होतो. एक्स-रेत हे दिसायला दहा-पंधरा वर्षं लागतात. पण फुटलेल्या पेशींचे आणि मोडक्या प्रथिनांचे बारीक तुकडे अंगातल्या पाण्यात पहिल्यापासून उतरत असतात. दंडावर रुपयाएवढी चकती लावायची. तिच्या केसाहून बारीक सुया ते तुकडे मोजतात. हजारो माणसांच्या नोंदींवर शिकलेलं गणित मग सांगतं, की पाच वर्षांत ही फुप्फुसं कायमची घट्ट होण्याची शक्यता शंभरात किती. साठच्या पुढं धोका. आणि चक्र थांबवणारं औषधही आता निघालं होतं, फक्त ते एक्स-रेत डाग दिसायच्या आत सुरू व्हायला हवं.

शालनला तेव्हा वडील आठवले होते. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ह्येच घ्यायचं. मला ह्येच पायजे हुतं." सगळ्यात आधी तिनं अंगठा लावला. तिच्या मागे एकशे चाळीस अंगठे लागले. बायकांनी चकतीला त्याच दिवशी टिकली म्हणायला सुरुवात केली.

आता त्या अंगठ्याची आठवण झाली, की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं. कारण श्रावणात भूपालचा आकडा ७१ झाला आणि योजनेनं त्याला सल्ला धाडला : विडी सोडा. चुलीचा धूर टाळा. रोज वीस मिनिटं प्राणायाम करा. धुळीपासून दूर राहा. भूपालनं जन्मात विडीला हात लावलेला नव्हता. घरी चूल नव्हती. प्राणायामाला बसला की त्याला ढास लागायची. आणि धुळीपासून दूर राहायचं म्हणजे नोकरी सोडायची. शालननं औषधासाठी अर्ज केला, तो आठ दिवसांत परत आला. "सदस्याने पूर्वसूचना मिळूनही सल्ला पाळलेला नाही. आजार टाळता येण्याजोगा होता. सबब औषध मंजूर करता येत नाही."

'कवच' असतं तर निदान कुणी विचारलं नसतं, की आजार टाळला का नाहीस. आजार आधी कळतो, एवढंच शालननं पाहिलं होतं. आधी कळलेला आजार हा रोग्याचाच गुन्हा ठरवता येतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आणि आता नऊ.

"मुमताज," जेवणाच्या सुट्टीत तिनं शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, "साठानं कमी कसा गं होईल आकडा? पंधरा दिवसांत?"

मुमताज मुल्लाणी भाकरी मोडता मोडता थांबली. "तुला सांगू का? साळोखेसायबाचं उलटं झालंय. काल त्येच्या केबिनीत हवा मोजायला माणसं आल्ती. पांढरं कपडं घालून, पेटी घेऊन. साहेब परवाच पुण्याला जाऊन फोटो काढून आला छातीचा. त्येचा आकडा म्हणं सत्तरच्या वर गेलाय. पाचावर धारण बसलीया त्येची."

शालनच्या हातातला घास हातातच राहिला.

खंडेनवमी होऊन दोनच आठवडे झाले होते. त्या दिवशी फाउंड्रीत यंत्रं बंद असतात. ज्या हत्यारांवर पोट चालतं ती धुऊन-पुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही जुनी रीत. यंदा साळोखेसाहेबांनी त्यात भर घातली होती. विमा कंपनीच्या मासिकाला फोटो हवा होता. "टिकली पण आपलं हत्यारच की," असं म्हणत त्यांनी सगळ्यांना चकत्या काढून परातीत ठेवायला लावल्या, आणि वर स्वतःचीही ठेवली. बायकांनी हत्यारांसारखंच त्यांनाही मनापासून हळदकुंकू लावलं, तेलाचं बोट लावलं. फोटो निघाला, नारळ फुटला, पेढे वाटले. फक्त चकत्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची मुभा नव्हती. सहा तासांपेक्षा जास्त वेळ उतरवली तर विम्याच्या खात्यातले गुण कापले जातात. म्हणून संध्याकाळी प्रत्येकानं परातीत हात घालून एकेक उचलली. मागच्या बाजूचा बारीक नंबर कुंकवाच्या लेपाखाली गेला होता. तो बघायला कोण थांबतंय?

शालन तशीच उठली. पायरीवर बसलेल्या भूपालच्या दंडावरची टिकली तिनं काढली, पदराच्या टोकाला थुंकी लावून मागची बाजू घासली. नंबर त्याचा नव्हता.

कंपनीच्या दवाखान्यापाशी खांबासारखं एक यंत्र उभं होतं. त्याच्यावर टिकली ठेवली की ते आपलं खातं दाखवायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी ते मोठ्यानं वाचूनही दाखवायचं. शालननं टिकली ठेवली.

"नमस्कार, अभिजितसाहेब," यंत्र अदबीनं म्हणालं. "आपला आकडा ७१ आहे. काळजी करू नका. आपल्या वतीने पुढील कारवाई सुरू झाली आहे. एक, आपलं औषध पूर्ण खर्चासह मंजूर. दोन, धुळीच्या जागेपासून आपली तातडीने बदली करण्याची सूचना मालकांना पाठवली आहे. तीन, आपल्या केबिनमध्ये धूळ आढळली नाही. म्हणून आपली चकती दिवसभर जिथे असते त्या जागेची, म्हणजे शेकआउट विभागाची तपासणी सोमवारी सकाळी अकराला होईल. अहवाल कारखाना निरीक्षकांना आपोआप जाईल. दोष आढळल्यास यंत्रणा बसेपर्यंत विभाग बंद ठेवणं मालकांवर बंधनकारक राहील."

तोच आकडा, त्याच माणसाच्या त्याच छातीतून आलेला. फक्त नाव साहेबांचं होतं. भूपालला हेच यंत्र विडी सोड म्हणालं होतं.

शालननं ते पुन्हा वाचून घेतलं, मग तिसऱ्यांदा. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही.

सुट्टी संपायच्या आत साळोखेसाहेब तिला शोधत कोअर शॉपच्या मागच्या दारी आले. त्यांनाही उमगलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांची छाती आरशासारखी स्वच्छ असल्याचं सांगितलं, तेव्हाच त्यांनी आपल्या दंडावरची टिकली उलटी करून पाहिली होती.

"शालनताई, थोडी गफलत झालीय," ते हळू आवाजात म्हणाले. "माझी चकती भूपालरावांकडे आलीय. ती देऊन टाका. माझ्या अंगावर आली की आकडा आपोआप खाली येईल आणि सोमवारची तपासणी रद्द होईल. उगाच गवगवा नको."

"आणि त्येंचं?"

"त्याचंच सांगतोय. भूपालरावांना मी उद्यापासून स्टोअरला घेतो. गार जागा, बसून काम. अधिकारी श्रेणीत नाव टाकतो, म्हणजे औषधही लगेच सुरू होईल. माझा शब्द आहे."

हेच तर ती श्रावणापासून मागत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की गेलेलं फुप्फुस परत येणार नाही, पण उरलेलं वाचवायचं असेल तर दिवाळीच्या आत औषध पोटात गेलं पाहिजे. एक टिकली देऊन टाकायची, की नवरा वाचला.

"साहेब, एक सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी पडद्यावर दोन योजना दाखवल्या. ही तुमची तिसरी कुठं हुती?"

साळोखेंनी कपाळ पुसलं. "ती वेगळी नाही हो. 'आधीच'चाच एक जादा भाग आहे. जागेची जबाबदारी मालकावर टाकणारा. अधिकाऱ्यांसाठी स्वस्तात मिळतो, कारण केबिनमध्ये धूळ नसते, खर्च निघत नाही. शेकआउटसाठी घ्यायचा तर... परवडत नाही. विमा कंपनीनं आधी आम्हालाच विचारलं होतं, कुणाला काय द्यायचं."

"म्हंजे जिथं धूळ न्हाई तिथं धुळीपासनं राखण. आणि जिथं धूळ हाय तिथं प्राणायाम."

"मी नोकर माणूस आहे, शालनताई."

"मी बी नोकरच हाय. पण माझ्या सांगण्यावरनं एकशे चाळीस जणांनी अंगठं लावलं. तुमी निवड म्हणून पुढं ठिवलं, आणि निवडायचं ते आधीच निवडून झालं हुतं!" तिचा आवाज चढला. गाभे भाजणाऱ्या बायका माना वळवून बघू लागल्या. "माणसाला फसवावं, पण त्येच्याच हातानं फसवू नये हो!"

"रविवारपर्यंत विचार करा," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी शालननं भूपालला सगळं सांगितलं. स्टोअरची जागा, औषध, सोमवारची तपासणी, कशातलं काही लपवलं नाही. तपासणी झाली आणि विभाग बंद पडला, तर साहेब दिलेला शब्द पाळणार नाहीत, साहेबांची टिकली वापरल्याचा ठपका ठेवून दोघांनाही घरी बसवतील, हेही सांगितलं.

भूपाल म्हणाला, "तू ठरीव. मागच्या खेपेलाबी तूच ठरीवलंस."

त्यात टोमणा नव्हता. भूपालला टोमणे मारता येत नसत. म्हणूनच ते शालनला जास्त लागलं.

"आवं, पण तुमचं औषध?"

"मी स्टोअरला गेल्यावर माझ्या जागी शेकआउटवर कोण येणार?" त्यानं विचारलं. "दिलावर. मुमताजचा थोरला. अर्ज घालून बसलाय चैतापासनं."

शालननं टिकली उचलली आणि त्याच्या दंडावर दाबून लावली. इतकी जोरात, की तो कळवळला.

सोमवारी सकाळी शेकआउट ओळखू येत नव्हतं. फरशी पाण्यानं धुतलेली, पत्रे पुसलेले, जाळीवर एक कण नाही. 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी लटकत होती. थंड झालेले साचे बाजूला रांगेत उभे होते आणि माणसं हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती.

अकराला विमा कंपनीची अभियंता आली. पंचविशीची मुलगी, पांढरे कपडे, नाकावर गाळणीचा मुखवटा. तिनं पेटी उघडून तिपाईवर ठेवली. साळोखेसाहेब तिच्या बाजूला उभे होते. मुखवटा लावायची त्यांना गरज वाटली नव्हती.

"हवा छान आहे की," ती आकड्याकडे बघून म्हणाली. "रोज असंच असतं का?"

"अगदी रोज असंच नाही, पण साधारण," साहेब म्हणाले. "आज मेन्टेनन्स आहे ना."

"मला जसं दिसेल तसंच नोंदवावं लागतं. दहा मिनिटांचं वाचन घेते."

भिंतीला टेकलेल्यांपैकी कुणी बोललं नाही. बोलायची सवयच नव्हती. शालननं त्या माना खाली घातलेल्या माणसांकडे पाहिलं आणि तिला साहेबांपेक्षाही त्यांचाच राग आला. मग आठवलं, की बोलायचं काम त्यांनी तिला दिलं होतं.

"बाई," ती पुढं होऊन म्हणाली, "विहिरीत पाणी नसताना खोली मोजताय व्हय? थांबा जरा." आणि भिंतीकडे वळून ओरडली, "साचा घ्या रं जाळीवर!"

"शालनताई!" साहेब पुढं धावले. "हे बेकायदेशीर आहे. मी नोकरी घालवीन तुमची!"

"घालवा. आवं, तुमी भाईर जावा," हे ती भूपालला म्हणाली. "लांब, पिंपळाखाली. फकस्त बटण कुठलं ते सांगा."

"पयला लाल उचल. मग हिरवं," भूपाल दारातून म्हणाला आणि बाहेर गेला.

चौघांनी साचा ढकलला. शालननं लाल खटका वर उचलला. मग हिरव्या बटणावर अंगठा ठेवला. दोन वर्षांपूर्वी कँटीनमध्ये लावला होता, तोच. आणि सगळं वजन टाकून दाबला.

जाळी गरजली. साचा फुटला. करडा लोट आधी गुडघ्यांपर्यंत आला, मग कमरेपर्यंत, मग दारातला उजेड दिसेनासा झाला. पेटी किंचाळायला लागली. अभियंता मुलगी मागे सरली नाही, वाकून आकडा वाचत राहिली. "मर्यादेच्या अठरा पट," ती मुखवट्याआडून ओरडली. "अठरा! तुम्ही सगळे यात उभे राहता? गूळ खाऊन?"

तिला गुळाचं कुणी सांगितलं होतं कोण जाणे. पण ऐकून शालनला बरं वाटलं.

दोन साचे झाल्यावर तिनं यंत्र बंद केलं. लोट हळूहळू खाली बसू लागला. पेटीनं अहवाल धाडल्याची घंटी वाजवली. आता तो कुणाला अडवता येणार नव्हता. साहेबांच्या नावाचा, साहेबांच्या हक्काचा अहवाल. विभागाला उद्या टाळं लागणार होतं. औषध मिळेल का, कधी मिळेल, दिवाळीच्या आत मिळेल का, हे शालनला माहीत नव्हतं. भांडावं लागणार होतं आणि ती भांडणार होती. एकट्या भूपालसाठी नाही, एकशे चाळीस जणांसाठी.

साळोखेसाहेब खांबाला धरून उभे होते. केस, भुवया, इस्त्रीचा शर्ट सगळं करडं झालेलं. ते खोकत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान खाली घालून. त्यांना बोलायचं होतं, पण ढास बोलू देत नव्हती.

शालन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. कनवटीला खोचलेला सकाळच्या पाळीचा गुळाचा खडा तिनं काढला, साहेबांचा हात धरून सरळ केला आणि तळव्यावर ठेवला.

"खावा साहेब," ती म्हणाली. "छाती साफ हुतीया."